अंगणातलं डांबर: सीलकोट कधी, कशाचा आणि कशाला?

मागच्या अंकात गेटपासून पोर्चपर्यंतच्या डांबरी पट्ट्याबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, की सीलकोट, म्हणजे डांबरावर पाणी अडवायला देतात तो पातळ थर, मारायचा तर पावसाळ्याच्या तोंडावर घाईघाईनं मारू नका, तर त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचा सूर एकच आहे, "भाऊ, परत काळंभोर कसं करायचं?" काळं करणं सोप्पं आहे हो, ड्रम आणला आणि फासला की झालं काळं. पण डांबराखाली पाणी जात असेल तर वरून कितीही काळं करा, दोन पावसाळ्यांत खडी हातात येते. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत मी आधी पाण्याचंच विचारणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न: आमच्या बंगल्याचा ड्राइव्हवे साधारण ६०० चौरस फुटांचा आहे, तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराकडून बीबीएम (खालचा जाड खडी-डांबराचा थर), कार्पेट (त्यावरचा पातळ थर), सीलकोट असं सगळं रीतसर करून घेतलं. आता तो पांढुरका पडलाय आणि गाडी वळवली की टायरखाली बारीक खडी सुटते. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो मामा, इथं आम्ही दुकानातून सीलरची बादली आणतो आणि दर तीन वर्षांनी स्वतःच फासतो, पण नव्या डांबरावर पहिले सहा महिने ते वर्षभर काही लावायचं नाही. आमच्या ठेकेदारानं तर लगेच सीलकोट मारला होता. मग चुकलं कोण? आणि ती बादली इथं कुठं मिळेल?
(पिंप्राळा, जळगाव)

उत्तर: दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांचं डांबरीकरण वेगळं आहे. भाच्याकडं टाकतात तो दाट माल असतो, लहानमोठी खडी, डस्ट (दगडाची भुकटी) आणि डांबर प्लांटमध्ये गरम एकजीव करून आणलेलं, मध्ये पोकळी फारच कमी. त्यातलं डांबर नवं असताना वरून थर दिला तर आतला तेलकटपणा कोंडतो आणि पृष्ठभाग मऊच राहतो, म्हणून ते थांबतात. आपल्याकडं घरापुढं टाकतात ते २० मिलिमीटरचं ओपन कार्पेट, त्याच्या नावातच ओपन आहे, खडीच्या मध्ये मोकळ्या जागा असतात आणि पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. म्हणून कार्पेट झाल्या झाल्या त्यावर सीलकोट मारायचा असतो, तो वेगळा काही लाड नाही, तो कामाचाच भाग आहे. तुमच्या ठेकेदारानं केलं ते ठीकच केलं.

आता पांढुरकं का पडलं, तर ऊन आणि हवा. डांबरातला तेलकट भाग हळूहळू जातो, हवेतला ऑक्सिजन उरलेल्याशी बसतो आणि डांबर शिळ्या भाकरीसारखं कडक होतं, वाकायचं सोडून तुटतं. आपल्याकडं जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा ही गोष्ट थंड प्रदेशापेक्षा लवकर होते. भाच्याकडं मुख्य शत्रू बर्फ आहे, भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, भेग रुंदावते. आपल्याकडं बर्फ नाही, ऊन आहे आणि खाली काळी माती आहे. त्यामुळं त्याचं वेळापत्रक जसंच्या तसं इथं लावू नका.

आधी एक साधी टेस्ट करा. कोरड्या दिवशी सकाळी दोन-तीन जागी तांब्याभर पाणी ओता आणि उभं राहून बघा. पाणी वरच राहिलं आणि उताराकडं पळालं तर अजून घाई नाही. मिनिटभरात जिरायला लागलं आणि ओला काळा डाग उरला, तर सील संपलंय. तुमची खडी सुटतेय म्हणजे बहुधा पाणी जिरतानाच दिसेल.

मग दोन रस्ते आहेत. एक, ठेकेदाराकडून परत गरम सीलकोट, म्हणजे बारीक कच डांबरात घोळवून पातळ पसरायची आणि रोलर फिरवायचा. रस्त्याच्या कामाच्या सरकारी मापात याला १० चौरस मीटरला ६.८ किलो डांबर धरतात, म्हणजे तुमच्या ६०० फुटांना साधारण ३८ किलो डांबर आणि १२ घनफूट कच. हे आकडे खिशात ठेवा, ठेकेदार निम्म्या डांबरात भागवतो की काय ते लगेच कळतं. डांबर व्हीजी-३० ग्रेडचं (आकडा जितका मोठा, तितकं डांबर घट्ट) असेल तर ते १५० ते १६५ अंशांपर्यंत तापवायचं, त्यातून पिवळट-निळा धूर निघायला लागला तर ते जळालंय, जळालेलं डांबर पहिल्या दिवसापासूनच म्हातारं असतं, ते घेऊ नका.

दुसरा रस्ता घरी करता येतो, तो इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर. इमल्शनमध्ये जात बघून घ्या, ड्रमवर एसएस लिहिलेलं पाहिजे, म्हणजे हळू सेट होणारं. आरएस लिहिलेलं पटकन फुटतं, म्हणजे पाणी आणि डांबर वेगळं होतं, ते टॅक कोटला (नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मध्ये लावतात त्याला) ठीक, पण त्यात पाणी घालून पातळ करायला गेलात तर ड्रममध्येच गुठळ्या. एसएस निम्मं-निम्मं पातळ करता येतं, पण इमल्शनमध्ये पाणी घालायचं, पाण्यात इमल्शन ओतायचं नाही. पातळ केलेलं चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर लागतं, तुमच्या जागेला २८ ते ५६ लिटर. सुरुवातीला मुद्दाम कमी मारा, दुसरा हात नंतर देता येतो, जास्त झालेलं काढता येत नाही.

मारायच्या आदल्या दिवशी खराट्यानं रगडून झाडा, सुटी खडी गोळा करा, शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशनं घासा. धूळ हीच खरी अडचण असते, आपला काळा दगड डांबराला तसा छान धरतो, पण त्यावर धुळीचा पडदा असेल तर डांबर धुळीला चिकटतं आणि धूळ वाऱ्याबरोबर जाते. जमीन अगदी हलकी ओलसर करा, पाणी साचलेलं नको. मग रबरी वायपरनं पोर्चकडून गेटकडं येत ओढत चला, नाहीतर शेवटी तुम्ही आणि चपला आत अडकाल. लावताना रंग चॉकलेटी दिसतो, घाबरू नका, पाणी उडालं की कडेकडेनं काळा पडत जातो, आणि सगळीकडं एकसारखा काळा झाला की समजा इमल्शन फुटलं. त्यावर चाळलेली कोरडी वाळू मुठीनं भुरभुरा म्हणजे घसरणार नाही. एक दिवस माणसं नको, दोन दिवस गाडी नको.

बादली मागवायचीच म्हणत असाल तर एकच बघा, त्यात कोलटार नको. दगडी कोळशापासून निघणारं ते डांबर पेट्रोल-ऑइलला चांगलं टिकतं, पण त्यात कॅन्सरशी जोडलेली रसायनं भरपूर असतात, ती झिजून धुळीतून घरात येतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं २००६ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यानं २०११ मध्ये त्यावर बंदी घातलीय. पोरं अंगणात खेळतात, कशाला ती भानगड.

प्रश्न: दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आमच्या डांबराच्या दोन्ही कडांना लांबच लांब भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या. पावसाळ्यात त्या आपोआप मिटतात. दोनदा सील केलं, पुन्हा तेच. सील खराब मिळतंय का?
(अमळनेर)

उत्तर: सीलचा काही दोष नाही ताई, तुमचं अंगण काळ्या मातीवर बसलंय. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच त्या तुमच्या डांबराखाली पण पडतात, डांबर फक्त दाखवतं. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. डांबराच्या मधल्या भागाखाली ओल बऱ्यापैकी टिकून राहते, पण कडेची माती उघडी असते, ती आधी वाळते, आधी आकसते आणि कडेला घेऊन खाली बसते. म्हणून भेग नेहमी कडेपासून फूट-दीड फूट आत, कडेला समांतर पडते. तुमच्याकडं तशीच असणार.

इलाज कडेलाच करायचा. डांबराच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट रुंद मुरुमाची पट्टी नीट ठोकून बसवा, बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी कडेला साचून आत घुसणार नाही आणि उन्हाळ्यात तिथली माती उघडी पडणार नाही. तिथं फुलझाडांचा वाफा असेल आणि तुम्ही रोज नळी सोडत असाल, तर तो वाफा आधी हलवा, कारण एका बाजूला रोज ओलं आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत कोरडं, यानं तर डांबर अजूनच वाकडं होतं. कडुनिंब जवळ असेल तर मुळंही ओल ओढतात, पण म्हणून झाड तोडा असं मी सांगणार नाही, सावली डांबरापेक्षा महाग आहे आपल्या भागात.

भेगा कधी भरायच्या, हे महत्त्वाचं. मेमध्ये भेग पूर्ण उघडलेली असते, तेव्हा गच्च भरली तर पावसाळ्यात माती फुगल्यावर ते भरलेलं वर ढकललं जातं आणि लांबडा उंचवटा तयार होतो. ऑगस्टमध्ये तर भेग दिसतच नाही. म्हणून फेब्रुवारीच्या आसपास भरा, अर्धवट उघडलेली असताना. वाकड्या सळईनं आतली माती-गवत उकरून काढा, फुंकणी किंवा पंपाची हवा मारा. तीन मिलिमीटरपेक्षा बारीक भेगांना वरचं इमल्शनच पुरतं, त्याहून मोठीत रबर मिसळलेलं डांबर ओता आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली थांबा. बोट जाईल एवढ्या भेगेत आधी अर्ध्यापर्यंत कोरडी वाळू भरून घ्या, नाहीतर सगळं डांबर पाताळात जातं.

आणि कधी पुढं पूर्ण उकरून नवीन करायची वेळ आली तर काळी माती दोन फूट तरी काढून मुरूम भरल्याशिवाय डांबराला हात लावू देऊ नका. ठेकेदार म्हणेल गरज नाही, त्याला म्हणावं तू पाच मे महिने इथं राहून दाखव.

प्रश्न: भाऊ, मे महिनामा डांबर वितळी ऱ्हायनं, बुलेटनं स्टँड घुसी जास, चप्पल चिपकस. आते काय करानं? वरतून अजून एक सीलकोट मारी टाकू का?
(देवपूर, धुळे)

उत्तर: नका मारू भाऊ, काहीही करा पण तेवढं करू नका. चप्पल चिकटतेय म्हणजे वर डांबर आधीच जास्त आहे, उन्हानं ते वर येऊन चकाकतंय, त्यात अजून डांबर घालून काय होणार?

आकडा बघा म्हणजे पटेल. भारतीय मानकाप्रमाणे व्हीजी-३० डांबर मऊ पडायचं तापमान किमान ४७ अंश आहे, आणि व्हीजी-१० चं तर ४०. आता धुळ्यात मेमध्ये हवाच ४३-४४ असते आणि काळा पृष्ठभाग दुपारी उन्हात ६० च्या वर सहज जातो. खडी एकमेकीला अडकून बसलेली असते म्हणून रस्ता उभा राहतो, नाहीतर नुसतं डांबर केव्हाच वाहून गेलं असतं. पण बुलेटच्या साइड स्टँडचं टोक केवढं, रुपयाएवढं, त्यावर निम्मी गाडी. ते घुसणारच. शहाबादी फरशीचा हातभर तुकडा कायम तिथं ठेवा, त्यावर स्टँड लावा, विषय संपला. गाडी उभ्या जागी स्टिअरिंग फिरवून वळवू नका हेही घरातल्या सगळ्यांना सांगा, विशेषतः नवीन शिकणाऱ्यांना, पॉवर स्टिअरिंगनं दुपारी डांबर अक्षरशः पिळलं जातं.

जिथं चकाकतंय तिथं ऐन दुपारी, डांबर मऊ असताना, कोरडी जाड डस्ट किंवा बारीक कच पसरा. ती तव्यावर वा पत्र्यावर तापवून घेतलीत तर अजून छान, गरम कच जास्त डांबर ओढून घेते. मग गाडी तिच्यावरून सावकाश मागंपुढं करा, रोलर कशाला पाहिजे. संध्याकाळी सुटी उरलेली झाडून टाका, दोन-चार दिवसांनी परत लागली तर परत करा. नदीची गाळवट वाळू नको, तिच्यात माती असते, चिखलासारखा थर बसतो.

पुढच्या वेळी नवीन काम करताना ठेकेदाराला डांबराचा ग्रेड विचारा. आपल्या उन्हाला व्हीजी-१० चालणार नाही, ३० तरी पाहिजे, आणि ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न: केळीच्या ट्रकांची आमच्या अंगणात रोज ये-जा असते, भरलेले दहाचाकी पण येतात. दरवर्षी सीलकोट करूनही चाकोऱ्या पडतात.
(सावदा)

उत्तर: २० मिलिमीटरच्या कार्पेटवर भरलेला दहाचाकी म्हणजे अन्याय आहे. ट्रक वळतो आणि थांबतो तेवढ्या भागात काँक्रीट करा, बाकीचं डांबर राहू द्या. सीलकोटला वजन पेलता येत नाही, त्याचा तो उद्योगच नाही.

प्रश्न: ट्रॅक्टरचं डिझेल गळून डांबरावर दोन जागी भलेमोठे डाग पडलेत, तिथं पाय दाबला तर मऊ लागतं. शेजारचे आबा म्हणतात सगळ्या अंगणावर जळालेलं ऑइल फासून टाक, डाग पण दिसणार नाही आणि काळं पण होईल. फासू का?
(शहादा)

उत्तर: आबांना माझा नमस्कार सांगा आणि ऑइलचा डबा लपवून ठेवा. जळालेलं ऑइल लाकडाला लावतात, वाळवी लागू नये म्हणून, तिथं ठीक असेल. डांबर, डिझेल, ऑइल, रॉकेल हे सगळे खनिज तेलातूनच निघालेले सख्खे भाऊ आहेत, एकमेकांत विरघळतात. ऑइल फासलं की पहिले आठ दिवस अंगण असं झकास काळं दिसेल की आबा मिशीला पीळ देतील, मग डांबर आतून सैल पडेल, खडी सुटेल, आणि पहिल्या पावसात ते सगळं ऑइल वाहून विहिरीकडं नाहीतर नाल्याकडं. वर इमल्शन पण धरणार नाही, ऑइलवर काहीच धरत नाही.

गळती ताजी असेल तर लगेच त्यावर राख, लाकडाचा भुसा किंवा वाळू टाका, तासाभरानं गोळा करा, मग कपड्याच्या पावडरनं ब्रश मारून थोड्या पाण्यानं धुवा. रॉकेलनं डाग पुसायला जाऊ नका, डागाबरोबर डांबर पण निघेल. पण तुमच्याकडं पाय दाबून मऊ लागतंय म्हणताय, तिथं धुण्याची वेळ गेली. तेवढा चौकोन कापून काढावा लागेल आणि नवा माल भरावा लागेल. कसा ते पुढच्याच उत्तरात आहे. आणि ट्रॅक्टरची गळती आधी बंद करा, तोवर खाली पत्र्याचं घमेलं ठेवा.

प्रश्न: गेटजवळ एक खड्डा पडलाय, परातीएवढा. भरला की दोन महिन्यांत परत उघडतो. आम्ही सिमेंट टाकून पाहिलं, पेव्हर ब्लॉकचे तुकडे घालून पाहिले. शेवटी कंटाळून सोडून दिलाय.
(नंदुरबार)

उत्तर: खड्ड्याच्या वर काय आहे ते बघा आधी. कूलर आहे का खिडकीत? आपल्याकडं मार्च ते जून कूलर रात्रंदिवस चालतो आणि त्याचं टपटप पाणी चार महिने एकाच जागी पडत राहतं. नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो असेल, नळाला पाणी आलं की टाकी भरून वाहते आणि पाइप बरोबर गेटजवळ सोडलेला असतो. जिथं कायम पाणी, तिथं खड्डा. ते पाणी पाइप लावून बाजूला काढा, मगच खड्ड्याला हात लावा.

सिमेंट का टिकलं नाही, तर डांबर उन्हात हलतं, सिमेंट हलत नाही, दोघांच्या मध्ये फट पडते आणि पाणी तिथून परत आत. पेव्हरच्या तुकड्यांचंही तेच, ते आपले नुसते ठेवलेले असतात, सगळ्या गावातले रस्ते तसे बुजवतात म्हणून आपणही तसंच करायचं असं काही नाही.

आता नीट करायचं तर खड्ड्याचा गोल आकार विसरा, छिन्नी-हातोड्यानं त्याच्याभोवती चौकोन मारा, चांगल्या डांबरात दोन-तीन इंच आत जाऊन. कडा सरळ उभ्या पाहिजेत, तिरप्या ठेवल्या तर भरलेला माल कडेला पातळ होतो आणि तिथूनच उचकटतो. आतलं सुटं, ओलं, मातीचं सगळं काढा, टणक लागेपर्यंत. तळाशी चिखल असेल तर तो काढून मुरूम-खडी घालून धुम्मसनं ठोका. एक-दोन दिवस उन्हात उघडं वाळू द्या, ऊन आपल्याकडं फुकट आहे. मग तळाला आणि विशेष करून चारी कडांना ब्रशनं आरएस इमल्शन लावा, चॉकलेटीचं काळं होईपर्यंत थांबा, त्यानंतर माल भरा.

माल गरम मिळाला तर उत्तम, नाहीतर तयार कोल्ड मिक्सच्या गोण्या मिळतात, फोडून थेट भरता येतात. एकदम सगळं ओतू नका, दोन इंचांचा थर, ठोका, परत थर, परत ठोका. ठोकणं हेच खरं काम आहे, लोक माल चांगला आणतात आणि फावड्याच्या पाठीनं दोन थापट्या मारून सोडून देतात. धुम्मस उड्या मारायला लागली, आवाज बद्दचा टणक झाला, म्हणजे बसलं. शेवटी आजूबाजूपेक्षा अगदी बोटाच्या पेराच्या पाव हिश्शाएवढं वर ठेवा, गाडीनं ते बसतं. सांध्यावरून चारी बाजूंनी इमल्शनची पट्टी मारा आणि वर वाळू. हे सगळं नोव्हेंबर ते मार्चमध्ये केलंत तर पावसाळ्यापर्यंत ते छान मुरलेलं असेल.

आणि सगळ्या अंगणाचा उतार एकदा बघून घ्या. ५० ला १ तरी पाहिजे, म्हणजे दहा फुटांत सुमारे अडीच इंच. दोरी ताणून बघा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

प्रश्न: माझे तीन प्रश्न आहेत, हसू नका. रोज सडा घातला तर डांबर खराब होतं का? हिवाळ्यात अंगणातच भरताची वांगी भाजतो, त्यानं काही होतं का? आणि मुलीच्या लग्नात मांडववाल्यांनी डांबरात लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, ती भोकं तशीच आहेत.
(चोपडा)

उत्तर: हसणार कशाला ताई, हे तर खरे खान्देशी प्रश्न. सडा बिनधास्त घाला, शिंपडलेलं पाणी दहा मिनिटांत वाळतं, काळ्या डांबरावर रांगोळी तर काय सुरेख उठून दिसते. फक्त बादलीनं ओतून रोज धुणं नको.

वांगी मात्र डांबरावर भाजू नका. कपाशीच्या काड्यांचा जाळ मोठा असतो, त्याखाली डांबर नुसतं वितळत नाही, जळून जातं, आणि उरते सुटी खडी. होळीचं पण तसंच. भरीत पार्टी टाळा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, बाजूला मातीवर भाजा, जागाच नसेल तर आधी विटांचा थर, त्यावर पत्रा, पत्र्यावर चार-पाच इंच माती, आणि मग पेटवा. तेल सांडलं तर लगेच राख टाका, राख हाताशीच असेल.

खुंट्यांची भोकं दिसायला लहान पण काम मोठं करतात, प्रत्येक भोक म्हणजे पाणी थेट काळ्या मातीपर्यंत न्यायची नळी. पावसाळ्याआधी भरा. कोरडी वाळू आणि एसएस इमल्शन घट्टसर कालवा, सळईनं भोकात कोंबत कोंबत भरा, वरून ठोका. पुढच्या कार्याला मांडववाल्याला वाळूनं भरलेल्या ड्रममध्ये खांब उभे करायला सांगा, त्यांच्याकडं असतात, फक्त मागितल्याशिवाय काढत नाहीत.

प्रश्न: परवा एक डंपरवाला दारात आला, म्हणे साहेब, हायवेच्या कामाचा माल उरलाय, निम्म्या पैशात तुमचं अंगण करून देतो, पण आत्ताच सांगा. आम्ही नाही म्हटलं, पण वडील म्हणतात संधी घालवली. काय खरं?
(चाळीसगाव)

उत्तर: वडिलांना सांगा, संधी नाही, खर्च वाचवलात. रस्त्याच्या कामाला माल मोजून येतो, तो असा दारोदार विकण्याएवढा उरत नसतो, उरला असेल तर तो त्याच्या मालकीचा असेलच असं नाही. ते बाजूला ठेवलं तरी दुसरी गोष्ट, गरम माल प्लांटवरून निघाला की त्याचं घड्याळ सुरू होतं. तो १०० अंशांच्या खाली उतरला की रोलर फिरवून पण नीट दबत नाही, नुसता पसरतो. डंपर गावभर गिऱ्हाईक शोधत फिरतोय म्हणजे माल गार होतोय. मालातून वाफा निघत नसतील आणि तो मातकट, निस्तेज दिसत असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. शिवाय खाली तयारी काहीच नाही, साफ केलं नाही, टॅक कोट नाही, आहे त्याच धुळीवर ओतून संध्याकाळी तो पसार, फोन बंद.

भावाचं विचाराल तर मी इथं आकडा देत नाही, तेल कंपन्या डांबराचा दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात, अंक हातात पडेपर्यंत माझा आकडा शिळा झालेला असेल. दोन-तीन ठेकेदारांकडून लेखी कोटेशन घ्या, त्यात जाडी, डांबराचा ग्रेड, किलोमध्ये डांबर आणि सीलकोट धरलाय की वेगळा, एवढं लिहिलेलं पाहिजे.

प्रश्न: सीलकोट किती वर्षांनी करायचा आणि कोणत्या महिन्यात? एका वाक्यात सांगा.
(भडगाव)

उत्तर: तीन ते पाच वर्षांनी, तेही तांब्याची टेस्ट फेल झाली तरच, दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत, कारण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री पारा १० च्या खाली जातो आणि इमल्शन नीट वाळत नाही, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जमीन इतकी तापलेली असते की वायपर फिरायच्या आत ते फुटतं, आणि जूनमध्ये केलंत तर पहिल्या वळवाच्या सरीबरोबर तुमचा सीलकोट शेजाऱ्याच्या अंगणात जातो. दरवर्षी मात्र मारू नका, थरावर थर चढले की त्याचीच खपली निघायला लागते.